दफनभूमीतली प्रेअरी : प्रकल्प नोंदी

१४ ऑक्टोबर २०२३

वही आजपासून. काम आमच्या कुंपणाला लागून असलेल्या एकरभर जुन्या दफनभूमीचं. दगड धुवायचे, माजलेली झुडपं तोडायची आणि थडग्यांच्या मधे अजून जिवंत असलेली प्रेअरी, म्हणजे इथलं मूळचं गवताळ रान, मरू द्यायची नाही. या तिसऱ्या कामावरून वाद होणार हे आत्ताच दिसतंय, म्हणून तारीखवार लिहून ठेवते.

जागा विनेशिक काउंटीत, अमेरिकेतल्या आयोवा राज्याच्या ईशान्य कोपऱ्यात. आयोवा म्हटलं की सपाट मुलूख डोळ्यांपुढे येतो, पण हा भाग तसा नाही. शेवटच्या हिमयुगात इथे बर्फाची चादर आली नाही, त्यामुळे चुनखडीचे कडे, थंड पाण्याचे झरे आणि नागमोडी दऱ्या शाबूत राहिल्या. माथ्यावरची सपाटी मात्र सगळी मका आणि सोयाबीनखाली. आमचं घर अशाच एका माथ्यावर. शेतकऱ्याने जमीन दुसऱ्याला विकली आणि घर, गोठा, भोवतीची पाच एकर जागा आम्हाला. दफनभूमी या व्यवहारात नव्हती. ती टाउनशिपची, म्हणजे काउंटीतल्या गावपातळीवरच्या कारभाराची.

आयोवाच्या कायद्यात मागच्या पन्नास वर्षांत बारा किंवा त्याहून कमी दफनं झालेल्या जागेला 'पायोनियर सिमेटरी' म्हणतात. आमची त्यात आरामात बसते. चर्च केव्हाच पाडलं गेलं, पायाचे चिरे गवतात पायाला लागतात. टाउनशिपचे तीन निवडून आलेले ट्रस्टी आणि एक क्लार्क, एवढाच कारभार. तोंडी होकार मिळालाय. लेखी काय ते मार्चच्या बैठकीत.

आज फक्त मोजमाप. दफनभूमीची जमीन शेजारच्या शेतापेक्षा दोनेक फूट उंच आहे. भराव वगैरे कोणी घातलेला नाही. ती होती तिथेच आहे, शेत खाली गेलंय. नांगरटीच्या दीडशे वर्षांत आयोवाची जवळपास निम्मी सुपीक माती धुपून गेली असं इथे सर्रास सांगतात. सांगून पटत नाही. बांधावर उभं राहून खाली पाहिलं की पटतं.

२२ ऑक्टोबर

बी गोळा केलं. हवा कोरडी, दव उतरल्यावर अकरानंतर सुरुवात. बिग ब्लूस्टेम, लिटल ब्लूस्टेम, इंडियनग्रास ही गवतं. फुलझाडांत लेडप्लांट, रॅटलस्नेक मास्टर, जांभळी प्रेअरी क्लोव्हर आणि पश्चिमेच्या कुंपणालगतचे कंपास प्लांट. कुठल्याही झाडाचं एक तृतीयांशाहून जास्त बी घ्यायचं नाही, बाकीचं तिथेच पडू द्यायचं.

एवढ्या जाती एकरभर जागेत कशा राहिल्या याचं कारण सरळ आहे. १८५० नंतरच्या दशकांत इथल्या नॉर्वेजियन शेतकऱ्यांनी आपल्या जमिनीच्या कोपऱ्यातून एकेक एकर चर्चला दिला आणि लगेच कुंपण घातलं. कुदळी लागल्या त्या थडग्यांपुरत्या. नांगर आत आला नाही. कुंपणाबाहेर मात्र जॉन डिअरने १८३७ साली इलिनॉयमध्ये घडवलेल्या पोलादी फाळाच्या नांगराने, आणि त्याच्या मागून आलेल्या असंख्य नांगरांनी, दोन पिढ्यांत काम उरकलं. आयोवाच्या पाचातल्या चार भागांवर प्रेअरी होती. आज त्यातली एक हजारांशही उरलेली नाही. जी उरली ती रेल्वेच्या कडेला, खडकाळ उतारांवर, आणि मेलेल्यांच्या राखणीत.

मोठा तुकडा पाहायचा तर शेजारच्या हॉवर्ड काउंटीत हेडन प्रेअरी आहे, २४० एकर. राज्याने ती १९४५ मध्ये विकत घेतली. नाव एडा हेडन यांचं. आयोवा स्टेट विद्यापीठातून पीएचडी मिळवणारी पहिली बाई, साल १९१८. उरलेल्या प्रेअरीचे तुकडे शोधत आणि नोंदवत त्या राज्यभर हिंडल्या. आम्ही मागच्या जूनमध्ये तिथे गेलो होतो. नवरा पाच मिनिटांत म्हणाला, "गवतच आहे." अर्ध्या तासाने तोच गुडघ्यांवर बसून फोटो काढत होता.

५ नोव्हेंबर

हिवाळी वेळेसाठी घड्याळं तासभर मागे गेली, पाचलाच अंधार. बकथॉर्न तोडायला हाच महिना बरा, कारण बाकी सगळ्यांची पानं गळतात आणि हा युरोपातून कुंपणासाठी आणलेला पाहुणा हिरवागार उभा राहतो. लपायला जागा नाही. जमिनीलगत कापायचा आणि ओल्या कापावर लगेच ब्रशने तणनाशक लावायचं. नाही लावलं तर वसंतात एकाच्या दहा फांद्या.

शेजारचे काका चेनसॉ घेऊन आले. वहीत काकाच लिहीन. समोर त्यांना नावाने हाक मारते, ऐंशीच्या पुढच्या माणसाला नावाने हाक मारायची सवय एवढ्या वर्षांतही झालेली नाही. त्यांचे आजी-आजोबा, आई-वडील सगळे याच एकरात. वडिलांचे गुडघे गेले तेव्हापासून इथलं गवत तेच कापतात, उन्हाळ्यात दर आठवड्याला, स्वतःच्या खर्चाच्या पेट्रोलने. ईशान्य कोपऱ्यातली झुडपं त्यांनी दुपारभरात आडवी केली. मग हात पुसत म्हणाले, "आता इथे चांगलं लॉन होईल."

मी काही बोलले नाही. मार्चला बोलू.

१६ डिसेंबर

आजचा दिवस कागदांचा. चर्चच्या दफनांच्या वहीची छायाप्रत मिळाली. नॉर्वेजियन भाषा, जुनं वळणदार अक्षर. निम्मं मला लागलं नाही, उरलेलं काकूंनी लावून दिलं. त्या स्वयंपाकघरात लेफ्सं लाटत होत्या, मी ओट्याशी बसून एकेक ओळ दाखवायची. लेफ्सं म्हणजे उकडलेल्या बटाट्याची पातळ पोळी, खाचा असलेल्या लाटण्याने लाटायची आणि लांब पट्टीने उलटायची. माझं लाटणं पाहून काकूंनी पट्टी माझ्या हातातून काढून घेतली नाही, यातच सगळं आलं.

मुद्द्याची गोष्ट ही की वहीत नोंदी जास्त आणि दगड कमी. बरीचशी तफावत लहान मुलांची. १८७० आणि ८० च्या दशकांत घटसर्पाने या भागात घरंच्या घरं रिकामी केली. एकेका आडनावापुढे एकाच महिन्यात तीन-तीन नोंदी आहेत. काकू म्हणाल्या, दगडाला पैसे नसत, लाकडी क्रूस लावत आणि ते वीस-तीस वर्षांत कुजत. मग खुणेला काय? "पीअनी," त्या म्हणाल्या. "आणि लायलॅक." म्हणजे फुलझाडंच खुणेला.

दगडांची भाषाही मजेची आहे. जुने संगमरवरी दगड नॉर्वेजियनमध्ये, जन्मापुढे 'født' आणि मृत्यूपुढे 'død'. वय वर्षं, महिने, दिवस असं तिन्ही देऊन कोरलेलं. १९२० च्या पुढचे दगड बहुतेक ग्रॅनाइटचे आणि इंग्रजीत. पिढी बदलली हे एक कारण. दुसरं कारण सरकारी आहे. २३ मे १९१८ रोजी आयोवाचे गव्हर्नर विल्यम हार्डिंग यांनी फर्मान काढलं की शाळेत, सार्वजनिक जागी, आगगाडीत, टेलिफोनवर इंग्रजीच बोलायचं, आणि प्रार्थनासुद्धा इंग्रजीतच. पहिलं महायुद्ध चालू होतं, रोख जर्मनांवर होता, पण नॉर्वेजियन, डॅनिश, चेक सगळेच भरडले गेले. युद्ध संपल्यावर डिसेंबरमध्ये ते मागे घेतलं. तेव्हा गावागावांतल्या टेलिफोनची तार सामाईक असायची, शेजारीण ऐकत असे आणि चुगली होत असे. मी रोज संध्याकाळी याच टाउनशिपमधून बार्शीला आईशी तासभर मराठीत बोलते. काकांना हे सांगितलं तर ते म्हणाले, त्यांच्या आजीने घरात कधीच इंग्रजी बोललं नाही, आणि फर्मानानंतर बाहेर काहीच बोललं नाही.

आमच्या काउंटीतल्या डेकोरा गावाचं 'डेकोरा-पोस्टेन' हे नॉर्वेजियन वृत्तपत्र मात्र १८७४ पासून १९७२ पर्यंत निघत राहिलं. फर्मानं येतात नि जातात.

१४ जानेवारी २०२४

आठवड्यात दोन हिमवादळं. आज पहाटे उणे वीस फॅरनहाइटच्या आसपास, वारा वेगळा. कामाचं बाहेर काहीच नाही, म्हणून तळघरात बी साफ केलं.

आईने दिलेलं बांबूचं सूप शेवटी कामाला आलं. प्रेअरी क्लोव्हर आणि लेडप्लांट हातावर चोळून चाळणीतून काढलं आणि पाखडलं की दाणे मागे आणि भुसा पुढे, अगदी ज्वारीगत. लिटल ब्लूस्टेमचं बी मात्र सुपाला जुमानत नाही. प्रत्येक दाण्याला पिसं, झटका दिला की बी आणि कचरा हातात हात घालून उडतात. ते तसंच कचऱ्यासकट पेरायचं. शेंगवर्गातल्या बियांची टरफलं सँडपेपरवर हलकी घासून घेतली, पाणी आत शिरायला. पेरताना त्यांना मुळांवर गाठी धरणाऱ्या जिवाणूंची पूड लावायची.

१८ फेब्रुवारी

विचित्र उबदार फेब्रुवारी, बर्फ जवळपास गेलं. रात्री गोठतं, दुपारी सुटतं. पेरणीला हेच हवं. जमीन गोठताना-सुटताना भेगाळते आणि बी स्वतः आत उतरतं, आणि यातल्या बऱ्याच बियांना उगवण्याआधी ओली थंडी सोसावी लागते. कुंडीत करायचं तर ओल्या वाळूत घालून फ्रिजमध्ये महिनाभर ठेवतात. इथे फ्रिज बाहेरच आहे.

बकथॉर्न काढलेल्या कोपऱ्यात ओल्या लाकडी भुश्यात मिसळून हाताने फेकलं. पुढची दोन वर्षं तिथे तणच दिसणार. ही झाडं आधी खाली वाढतात, वर येण्याची घाई नसते. इथली जुनी म्हण: पहिलं वर्ष झोपण्याचं, दुसरं रांगण्याचं, तिसरं उड्या मारण्याचं.

१२ मार्च

ट्रस्टींची बैठक. अग्निशमन दलाच्या शेडमध्ये, घडीच्या खुर्च्या, कॉफी, स्कॉचरूचा (पीनट बटर-चॉकलेटच्या वड्यांचा) ट्रे. मी कोथिंबीर वड्या नेल्या होत्या. दहा मिनिटांत संपल्या, मतांवर परिणाम शून्य.

माझी मागणी: पश्चिमेचा अर्धा भाग एप्रिल ते ऑक्टोबर कापायचा नाही. दगडांभोवती आणि मधल्या वाटेवर कापायचं. दर दोन-तीन वर्षांनी वसंतात एक पट्टा जाळायचा. कारणं सांगितली. शूटिंग स्टार, लेडप्लांट, कंपास प्लांट दर आठवड्याच्या कापणीत फुलतच नाहीत. बी होत नाही, आणि मुळांच्या साठ्यावर किती वर्षं तग धरणार? ब्रोम आणि ब्लूग्रास ही बाहेरून आलेली गवतं मात्र कापलं की आणखी जोमाने पसरतात.

मग काका उठले. टोपी हातात घेऊन. ते फार बोलत नाहीत. म्हणाले की रस्त्यावरून जाणारा माणूस गुडघाभर गवत पाहतो तेव्हा त्याला प्रेअरी दिसत नाही. त्याला दिसतं की इथल्या लोकांचं कोणी उरलेलं नाही. "माझी आई तिथे आहे," म्हणाले आणि बसले.

याला उत्तर नाही. मी दिलंही नाही. मला त्यांचं म्हणणं पूर्ण पटतं, आणि तरी ते मानलं तर प्रेअरी जाते. दर आठवड्याला पेट्रोल जाळून त्यांनी जी सेवा केली तिनेच ती कुंपणापर्यंत रेटली गेली, आणि त्याच सेवेमुळे इथे बकथॉर्नचं रान माजलं नाही. या काउंटीत ज्या दफनभूमींना असे काका नव्हते तिथे आज दगडसुद्धा सापडत नाहीत.

ट्रस्टी बाईंनी तोडगा काढला. त्या दुधाचा व्यवसाय करतात, बैठक नऊच्या आत संपवायची असते. रस्त्याकडचा भाग काकांचा, आखूड. पश्चिमेचा भाग माझा. प्रत्येक दगडाभोवती चार फूट काका कापणार. मे अखेरच्या मेमोरियल डेच्या आठवड्यात वाटा रुंद करायच्या. कुंपणावर पाटी लावायची, म्हणजे जाणाऱ्या-येणाऱ्याला कळेल की हे मुद्दाम आहे. पाटीचा खर्च माझा. दोनास एक मतांनी मंजूर. विरोधातलं एक मत काकांच्या पुतण्याचं, आणि नंतर त्यानेच पाटीसाठी देवदाराचा खांब देतो म्हणून सांगितलं. मिडवेस्टमध्ये माणूस तुमच्याविरुद्ध मत देतो आणि तुमची गाडी बर्फातून ओढूनही काढतो, दोन्ही एकाच आठवड्यात.

२१ एप्रिल

पश्चिमेचा पट्टा जाळला. तारीख महत्त्वाची. ब्रोम थंडीतलं गवत, एप्रिलमध्येच वीतभर हिरवं होतं. ब्लूस्टेम उन्हाळ्यातलं, अजून जमिनीखाली. आत्ता जाळलं की मार ब्रोमला बसतो. शिवाय काळी पडलेली जमीन लवकर तापते आणि ब्लूस्टेमला आधी जाग येते. शूटिंग स्टारची पानं वर आलेली आहेत, तो तुकडा म्हणून वगळला.

शेरिफच्या कार्यालयाला आणि अग्निशमन दलाला आधी कळवलं होतं. काउंटीतल्या निसर्गसंवर्धनवाल्या स्वयंसेवकांकडे ठिबक-मशाल, पाठीवरच्या पाण्याच्या टाक्या, रबरी झापडं सगळं आहे. दगडांभोवती आणि कडेने आग अडवणारी पट्टी रुंद कापलेली, भिजवलेली. उष्णतेने संगमरवराचा पृष्ठभाग साखरेसारखा सुटतो, तेव्हा आग दगडाजवळ येऊ द्यायचीच नाही. वाऱ्याच्या उलट बाजूने सावकाश मागे सरकणारी आग आधी लावली, काळा पट्टा पुरेसा रुंद झाल्यावर वाऱ्याच्या बाजूने. उरलेलं दोन मिनिटांत. आवाज मोठा येतो, कोरडा, कडकड.

काका ट्रकमध्ये बसून होते. खाली उतरले नाहीत. आग विझल्यावर म्हणाले, त्यांचे आजोबा रेल्वेच्या कडेचं गवत असंच जाळायचे.

११ मे

काल रात्री उत्तरेचा प्रकाश आला. फोनवर फोन. सगळं टाउनशिप रात्री अकराला गॅरेजच्या दारात, पायजम्यात. गुलाबी, हिरवा, थेट डोक्यावरपर्यंत. आईला व्हिडिओ दाखवला. ती म्हणाली, बरं आहे, पण जेवलीस का?

सकाळी: जळालेला पट्टा हिरवा. शूटिंग स्टार फुललेत, मान खाली, पाकळ्या मागे उलटलेल्या. मागच्या वर्षी कापणी चुकलेल्या कुंपणाच्या कोपऱ्यात चार-पाच होते, आता वगळलेल्या तुकड्यात पसरट फुलोरा आहे. नवीन उगवलेले नव्हेत. होतेच. फक्त फुलू दिलं.

वांगी-टोमॅटोची रोपं अजून घरात. इथे मे महिन्याच्या मध्यापर्यंत रोपं गोठवणाऱ्या दंवाचा भरवसा नाही.

२७ मे, मेमोरियल डे

या दिवशी दफनभूमीत माणसं येतात. यादवी युद्धानंतर ३० मे १८६८ रोजी सैनिकांच्या थडग्यांवर फुलं वाहायची प्रथा देशभर सुरू झाली, तेव्हा याला डेकोरेशन डे म्हणत. १९७१ पासून मे महिन्याचा शेवटचा सोमवार. त्या युद्धात आयोवाने सुमारे ७६ हजार माणसं पाठवली, सुमारे १३ हजार परत आली नाहीत, त्यातली बरीचशी गोळीने नव्हे तर रोगाने मेली. आमच्या एकरातही त्या युद्धातून परतलेल्यांचे दगड आहेत, त्यांच्यावर छोटे झेंडे लागले.

आणि पीअनी बरोबर याच वेळी फुलते, म्हणून या दिवसाचं फूल तेच. एका जस्ताच्या थडग्याशेजारी गडद लाल, मोठाल्या. (हे जस्ताचे 'पांढरे ब्राँझ' म्हणून विकले जात, कनेक्टिकटमध्ये आणि डेस मॉइन्समध्ये ओतले जात. टिचकी मारली की आतून पोकळ वाजतात. शेवाळ धरत नाहीत, धुवायला लागत नाहीत. माझे आवडते.) पण खरं काम दगड नसलेल्या पीअनींचं होतं. फुलल्याशिवाय त्या गवतात दिसत नाहीत. सकाळभर चुन्याच्या खुणा करून नकाशावर उतरवल्या. मागच्या रांगेत, चर्चच्या वहीप्रमाणे मुलांची ओळ असायला हवी तिथे, गुलाबी पीअनींचे गड्डे ठरावीक अंतराने उभे आहेत. लोखंडी सळईने हलकेच चाचपलं. खाली दगड नाहीत. म्हणजे काकू म्हणाल्या तेच.

पीअनीचा गड्डा शंभर वर्षं जगतो. थंडी लागतेच, हरणं खात नाहीत, कळीवर मुंग्या येतात त्या गोड रसासाठी, त्यांना हाकलू नये.

आता प्रेअरीच्या शुद्धतेवाल्यांचं काय? जाळायला मदतीला आलेल्या एकाने म्हटलं होतं की मूळ नसलेलं सगळं काढा. पीअनी तर मूळची चीनकडची. मी ठरवलंय: पीअनी, लायलॅक, जुने आयरिस राहणार. नारिंगी डे-लिली आणि जमिनीवर पसरणारी स्पर्ज जाणार, त्या आपल्या जागी राहत नाहीत. हा शास्त्राचा नियम नाही, या एकराचा आहे.

२३ जून

पाऊस, पाऊस. राज्याच्या वायव्येला तर पुराने गावं बुडाली. इथे वाइल्ड पार्सनिप कमरेएवढी झाली. हिचा रस कातडीला लागला आणि वर ऊन पडलं की भाजल्यासारखे फोड येतात, डाग महिनोन्‌महिने जात नाहीत. लांब बाह्या, हातमोजे, संध्याकाळी पाचनंतर, फावड्याने मूळ जमिनीखाली तोडायचं. बी धरायच्या आत सगळी संपवायची. संपली नाही.

गोचीड रोज तपासणे.

१४ जुलै

कंपास प्लांटला कळ्या, माझ्या डोक्याच्या वर. खालची मोठी कातरलेली पानं कडेवर उभी राहून कडा उत्तर-दक्षिण धरतात, दुपारचं ऊन टाळायला. एकेक झाड शंभर वर्षांचं असू शकतं. म्हणजे काकांच्या आईच्या वेळचं.

पाटी लागली. पुतण्याचा खांब सरळ आहे.

लसूण काढला. ऑक्टोबरात पेंढ्याखाली लावलेला, बर्फ सोसून गड्डे चांगले भरले. काकूंना जुडी दिली, त्यांनी पहिल्या स्वीट कॉर्नची पिशवी दिली. वजनात मी फायद्यात.

१८ ऑगस्ट

नकाशा टाउनशिपच्या क्लार्कला द्यायच्या आधी एक गोष्ट या वहीत असायला हवी.

दफनभूमीतला सर्वात जुना दगड १८५० च्या दशकातला. 'पायोनियर' ही सुरुवात तिथून धरतात. पण १८३० च्या करारांनंतर हा सगळा पट्टा 'न्यूट्रल ग्राउंड', म्हणजे भांडणाऱ्या जमातींमधला तटस्थ मुलूख होता, आणि विस्कॉन्सिनमधून हाकललेल्या हो-चंक या आदिवासी लोकांना इथे आणून ठेवलं होतं. त्यांना इथे राखण्यासाठी १८४० मध्ये फोर्ट ॲटकिन्सन बांधला. १८४८ मध्ये इथूनही उठवलं, मिनेसोटात. लगेच मोजणीदार आले, जमिनीचे मैल-मैल लांबीरुंदीचे ६४० एकरांचे चौकोन पडले आणि विक्री सुरू झाली. विनेशिक, डेकोरा, वॉकॉन ही नावं हो-चंक नेत्यांची. माणसं घालवली, नावं ठेवून घेतली.

थडग्यांच्या बाबतीतही हाच न्याय फार काळ होता. १९७१ मध्ये ग्लेनवूडजवळ रस्त्याच्या कामात जुनी दफनं लागली. गोऱ्यांचे २६ सांगाडे दुसऱ्या दफनभूमीत सन्मानाने पुरले, आणि एका आदिवासी बाईची व तिच्या बाळाची हाडं अभ्यासासाठी पाठवली. यँक्टन जमातीच्या मारिया पिअर्सन यांना हे महामार्ग खात्यात इंजिनिअर असलेल्या नवऱ्याकडून कळलं. त्या पारंपरिक वेशात थेट गव्हर्नर रॉबर्ट रे यांच्यापुढे जाऊन उभ्या राहिल्या. १९७६ मध्ये आयोवाने प्राचीन दफनांना संरक्षण देणारा कायदा केला, देशातला पहिला. आदिवासींच्या पूर्वजांची हाडं त्यांना परत देण्याच्या १९९० च्या केंद्रीय कायद्यामागेही त्यांचा मोठा रेटा होता.

बैठकीत काका म्हणाले होते, गवत वाढलं की वाटतं इथल्यांचं कोणी उरलं नाही. ते वाक्य मी या पानावर पुन्हा लिहून ठेवते.

पाटीवर प्रेअरीबद्दल चार ओळी आहेत, नॉर्वेजियनांबद्दल दोन. हो-चंकांबद्दल एक ओळ घालायची विनंती पुढच्या बैठकीत करायची. मजकूर हो-चंकांकडूनच मागवावा.

२९ सप्टेंबर

महिनाभर पावसाचा टिपूस नाही. शेतात सोयाबीनची कापणी, धुळीचे लोट, रात्री उशिरापर्यंत कंबाइनचे दिवे. बी लवकर पिकलंय. एप्रिलमध्ये जाळलेल्या पट्ट्यात गेल्या वर्षी असं काही नव्हतं, यंदा तिथे बिग ब्लूस्टेम सात फुटांवर, टर्कीच्या पायासारखे तीन बोटांचे तुरे.

फेब्रुवारीत पेरलेल्या कोपऱ्यात बहुतेक तणच, उन्हाळ्यात ते सहा इंचांवर कापत राहिले. बारकाईने पाहिलं तर प्रेअरी क्लोव्हरची रोपं आहेत, बोटभर. झोपलेली.

काकांच्या कापणीत एक कंपास प्लांट गेला. चार फुटांचं वर्तुळ त्यांच्या आईच्या दगडाभोवती जरा मोठं झालं. ते म्हणतात चाक घसरलं. असेल. मुळं दहा-पंधरा फूट खोल आहेत, पुढच्या वर्षी येईल.

१३ ऑक्टोबर २०२४

ट्रस्टींना अहवाल, एक पान. करार आणखी दोन वर्षं चालू, या वेळी बिनविरोध. पाटीची ओळ मान्य, मजकूर येईल तेव्हा. जस्ताच्या थडग्याचा एक कोपरा उसवलाय, त्याला कोणी हात लावायचा नाही, जाणकार बघेल. संगमरवराचे उरलेले दगड वसंतात, फक्त पाणी आणि मऊ ब्रश. ब्लीच नाही, तारेचा ब्रश नाही, दाबाच्या पाण्याचं यंत्र तर नाहीच, ते पुतण्याने आपणहून देऊ केलं होतं.

मे-जूनमध्ये डे-लिली खणणे. पार्सनिप पुन्हा. काकूंकडून लायलॅकचे फुटवे आणणे, ईशान्य कोपऱ्याच्या बाहेरच्या बाजूला.

नकाशाची एक प्रत क्लार्कला: पीअनी लाल, कंपास प्लांट निळे. दुसरी प्रत काकांना, मोठ्या अक्षरात, प्लास्टिकमध्ये घालून, कापणीच्या यंत्राच्या सीटमागे मावेल एवढी.